पंचवीस छात्या आणि तीन टँकर

संपादकांचं पत्र आलं, 'आपल्या कार्यक्षेत्रातले आव्हानात्मक प्रसंग लिहून पाठवा.' पत्र मी दोनदा वाचलं. माझं कार्यक्षेत्र म्हणजे नांदेडला एका ड्रेपरीच्या दुकानामागची खोली. तिला खिडकी एकच, आणि ती शेजारच्या खानावळीच्या मोरीकडे उघडायची. आव्हान म्हणजे रावणाच्या छातीवर कुणीतरी विझवलेली बिडी. पण दिवाळी अंकात डॉक्टर लिहितात, वकील लिहितात, निवृत्त अधिकारी तर कुणी न विचारताही लिहितात. मग प्लास्टिकच्या चिलखतांवरचे ओरखडे काढण्यात तीस वर्षं घालवलेल्या बाईनं तरी मागे का राहावं?

ड्रेपरी म्हणजे नाटकाचे, मिरवणुकीचे, शाळेच्या गॅदरिंगचे पोशाख भाड्याने देणारं दुकान. आमच्याकडे राजे, सरदार, राक्षस, ऋषी आणि मागणी आलीच तर परी, असे सगळे एका रांगेत खुंटीला टांगलेले असत. मालक दिगंबरशेठ. माणूस चांगला, दुपारी झोपलेला असताना तर फारच चांगला. मी तिथे काजं-बटणं करायला लागले होते. मग पुठ्ठ्याची चिलखतं जाऊन प्लास्टिकची आली. शेठनी एक हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाले, "ह्याच्यात शिवायला काही न्हाई. तुम्ही आता पुसत जा." माझ्या आयुष्यातली एवढी एकच बढती.

चिलखताला दुकानात कुणी चिलखत म्हणत नसे. पुढचा भाग म्हणजे छाती, मागचा म्हणजे पाठ. 'किनवटला सहा छात्या गेल्यात, चारच परत आल्या,' असं शेठ फोनवर मोठ्यानं बोलत, आणि दुकानात नव्यानं आलेलं गिऱ्हाईक दचकून दाराकडे बघायला लागे.

एक सांगते. तीस वर्षांत एकाही छातीवर मला तलवारीचा वार दिसला नाही. आपले वीर कशाने जखमी होतात? मोटारसायकलच्या स्टँडने, चिकटपट्टीने, भज्यांच्या तेलाने, आणि ट्रॉलीत एकमेकांवर रचून ठेवल्याने. सर्वांत जास्त जखमा फोटो काढताना होतात, कारण तेव्हा सगळ्यांना पुढे यायचं असतं.

आता थोडी विद्या, फुकट. छातीवर काळा फराटा दिसला की लोकांना वाटतं ओरखडा गेला. बऱ्याचदा तो ओरखडा नसतोच. बुटाचा, रबराचा, कुठल्या तरी दुसऱ्या वस्तूचा रंग आपल्याला घासून लागलेला असतो. खोबरेल तेलाचं बोट लावायचं, दहा मिनिटं गप्प बसायचं आणि जुन्या बनियनच्या कापडानं पुसायचं. निघतो. खरा ओरखडा ओळखायचा तर त्यावरून नख फिरवायचं. नख अडलं तर तो खरा. त्याला वॉटर पेपर लागतो, म्हणजे बारीक घासकागद, पाण्यात भिजवून वापरायचा. पाणी का? कोरडं घासलं की प्लास्टिक तापतं, चिकट होतं आणि एका ओरखड्याचे शंभर होतात. नंतर पांढरी टूथपेस्ट घेऊन गोल गोल, गोल गोल, हात भरून येईपर्यंत. थिनर मात्र चुकूनही लावायचा नाही. एकदा मी लावला होता. त्या सरदाराच्या छातीवर देवी निघाल्यासारखे खड्डे पडले, आणि पुढे तो कायम राक्षसांत गेला.

मोठी चूकही एकदा केली. डझनभर छात्या धुतल्या आणि वाळायला पत्र्यावर टाकल्या. धूळ बसू नये म्हणून वर काळी ताडपत्री. उन्हाळ्याचे दिवस. दुपारी जाऊन बघते तर सगळ्या छात्या ताटासारख्या सपाट. प्लास्टिक मुळात सपाट पत्रा असतं, गरम करून साच्यावर ओढतात तेव्हा त्याला छाती येते. पुन्हा तापलं की ते मूळ पदावर जातं. दुसऱ्या दिवशी तो माल शिरूर अनंतपाळच्या एका मंडळाला जायचा होता. शेठनी एक छाती उचलली, ठोकून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "द्या पाठवून. फौज उपाशी व्हती म्हणावं." मंडळानं तक्रार केली नाही. ते वर्षही तसंच होतं.

गिऱ्हाइकांचं काय सांगावं. हदगावकडच्या एका गुरुजींनी राजाची भूमिका केली. पाठांतराचा कंटाळा. त्यांनी पुढे उभ्या राहणाऱ्या सैनिकाच्या पाठीवर न पुसणाऱ्या पेनानं अख्खा दुसरा अंक उतरवून घेतला. नाटक जोरात झालं म्हणे, फक्त राजा सगळा वेळ सैनिकाच्या मागे मागे फिरत होता. ती पाठ साफ करायला मला तीन दिवस लागले, तोवर राजाचं भाषण मला तोंडपाठ झालं. भोकरच्या एका नवरदेवानं तर छाती घालून हळद लावून घेतली. प्लास्टिकवरची हळद कशानेच निघत नाही, पण सकाळच्या कोवळ्या उन्हात चार दिवस ठेवली की आपोआप उडते. शेठ म्हणाले, "लग्नाचं बी तसंच आस्तंय." शेठीणबाई तेव्हा माहेरी होत्या.

पण संपादकांनी 'आव्हानात्मक' म्हटलंय, तर ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती सांगते.

दुष्काळाचं वर्ष होतं. लातूर जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, नाव सांगत नाही. त्या गावाचा नवा जिल्हा होणार अशी आवई उठली होती. ती तशी दर दोन-तीन वर्षांनी उठते, पण ह्या वेळी पाहणीला मोठे साहेब येणार होते. म्हणून गावचे पुढारी बापूसाहेब आमच्या दुकानात आले. पांढराशुभ्र माणूस. खिशात दोन लेटरहेड. एकावर 'जिल्हा निर्मिती समिती', दुसऱ्यावर 'पाणीटंचाई निवारण समिती'. अध्यक्ष दोन्हींचे हेच.

"चित्ररथ काढून राहिलोत," ते शेठना म्हणाले. "मधी राजा, भवती चोवीस सैनिक. एकेक सैनिक म्हंजी जिल्ह्याचं एकेक खातं. महसूल, कृषी, पाटबंधारे, समदे. छात्या आशा चमकल्या पायजेत की साहेबाला वाटावं, जिल्हा झालाच हाय."

"आन् राजा कोन?" शेठनी विचारलं.

बापूसाहेबांनी नम्रपणे खाली बघितलं. त्यावरून कळलं.

टेम्पोत छात्या घासणार हे ठरलेलंच, म्हणून शेठनी मलाही सोबत धाडलं. रस्ता असा की पोचेपर्यंत एकही खातं धड राहिलं नव्हतं. पाटबंधारे तर आडवंच चिरलेलं. हातात चार दिवस होते. मला जिल्हा परिषदेच्या शाळेत उतरवलं. सुट्ट्या होत्या, शाळा रिकामी. नळ होता, तोही रिकामा.

शाळेच्या भिंतीपलीकडे बौद्धवस्ती. निळा झेंडा, छोटं विहार, पत्र्याची घरं. मी त्याच समाजाची, त्यामुळे परक्या गावात जरा बरं वाटलं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कलाबाई त्याच वस्तीतल्या. समितीनं माझ्या जेवणाची सोय त्यांच्याकडे सोपवली होती. पन्नाशीच्या, काटक, कमी बोलणाऱ्या. "जयभीम, ताई," म्हणाल्या, भाकरी ठेवली आणि मी काय करतेय ते बघत उंबऱ्यावर बसल्या.

समितीच्या एका माणसानं कुणाच्या तरी बोअरवरून दोन बादल्या पाणी आणून दिलं होतं. मी टोपल्यात पाणी घेऊन पाटबंधारे खात्याची छाती घासायला लागले. पाणी ओतायचं, घासायचं, पुन्हा ओतायचं. कलाबाई बघत राहिल्या. काम उरकून मी टोपलं उचललं, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "ताई, ते फेकनार हाव का?"

"हो. का हो?"

"मला द्या. सून बाळंतीन हाय, आठ दिस झाले. लेकराची दुपटी धुवायची हायत."

"अहो, यात टूथपेस्ट आहे, प्लास्टिकची भुकटी आहे."

"मंग तर लईच साफ निगतील," त्या म्हणाल्या.

मी वाकून भिंतीपलीकडे पाहिलं. रिकामे ड्रम ओळीनं आडवे पडले होते. वस्तीचा टँकर आठवड्यातून एकदा यायचा, ह्या वेळी नवव्या दिवशीही आला नव्हता. कलाबाईंची सून रेखा बाळंत होऊन दवाखान्यातून आली, त्यानंतर तिला अंगभर पाणी मिळालं नव्हतं. ओल्या फडक्यानं पुसून घेत होती. तेही फडकं कशात ओलं करायचं हा प्रश्न होताच. आणि मी भिंतीच्या अलीकडे पाटबंधारे खात्याला तिसरी आंघोळ घालत होते. मला माझी लाज वाटली. ती वाटणं काही कामाचं नव्हतं, पण वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूसाहेब आले. मी चेहरा गंभीर केला. डॉक्टर करतात तसा.

"बापूसाहेब, छात्या काही चमकत नाहीत."

"कामून?"

"पाणी कमी पडतंय. वॉटर पेपर आहे हा, नावातच पाणी. एका छातीला सात पाणी द्यावी लागतात. पंचवीस छात्या, पंचवीस पाठी. एक टँकर तरी लागेल."

मला वाटलं, माणूस मला हाकलून देणार. त्यांनी खिशातून फोन काढला. "हां, शाळेकडं एक टँकर पाठव. आत्ता. न्हाई, वस्तीचा नव्हं, शाळेचा. इज्जतीचा सवाल हाय."

तासाभरात टँकर हजर. ज्या गावात माणसांसाठी नऊ दिवस टँकर नव्हता, तिथे प्लास्टिकला तहान लागली म्हटल्याबरोबर तो धावत आला. ड्रायव्हरनं विचारलं, "बाई, कुठं सोडू?" मी भिंतीकडे बोट केलं. "तिकडे. तिकडे ड्रम आहेत." त्यानं माझ्याकडे पाहिलं, छात्यांकडे पाहिलं, ड्रमांकडे पाहिलं आणि पाइप भिंतीवरून पलीकडे टाकला. त्या ड्रायव्हरला मी अजून विसरले नाही.

संध्याकाळी बापूसाहेब बघायला आले. "पुरलं का पानी?"

"आजचं पुरलं. पण दुसरा हात द्यावा लागेल. आणि तिसऱ्याशिवाय राजाच्या छातीला उठाव येत नाही."

"राजाला काही कमी पडू देऊ नगा," ते म्हणाले.

असे तीन दिवसांत तीन टँकर आले. माझ्या वाट्याला त्यातल्या दोन बादल्या. त्याच दोन बादल्यांत मी पंचवीस छात्या आणि पंचवीस पाठी काढल्या. पाणी गढूळ झालं की निथळू द्यायचं, वरचं वापरायचं. घासकागद भिजवायचा नाही, नुसता ओलसर करायचा. शेवटचं पुसणं पेलाभर पाण्यात. हे सांगताना मला अभिमान वाटतो, आणि तो मी लपवणार नाही. असं काम मी आधी केलं नव्हतं, नंतरही केलं नाही. पाटबंधारे खात्यावरची चीर कुठे होती हे मलाही शोधून सापडेना.

पलीकडे रेखानं न्हाऊन घेतलं. बाळाची दुपटी दोरीवर वाळत होती. कलाबाई त्या दिवशी भाकरीबरोबर अंबाडीची भाजी घेऊन आल्या आणि उंबऱ्यावर न बसता माझ्याजवळ येऊन बसल्या.

चौथ्या दिवशी, साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी, बापूसाहेब आले ते तोंड पाडून. "ताई, घोटाळा झाला. तेच साहेब दुष्काळाची बी पाहनी करनार हायत. एकाच गाडीत. एकाच दिवशी."

"मग?"

"मग काय? जिल्ह्यासाठी गाव भरलेलं दिसाया पायजे, टँकरसाठी वाळलेलं. आता एका दिवसात दोन्ही कसं दिसावं?" त्यांनी छात्यांच्या रांगेकडे पाहिलं. मावळतीच्या उन्हात पंचवीसच्या पंचवीस झळकत होत्या. "आसं करा. थोडे वरखडे घाला ह्यांच्यावर. जरा मळकट करा. लई बी न्हाई, बेतानं. साहेबाला वाटलं पायजे, लोकं तयारीची हायत पन बेजार हायत."

जो माणूस तीस वर्षं ओरखडे काढतो त्याला ओरखडे घाला म्हणणं म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला कळणार नाही. काढायला एक दिवस लागतो. घालायला कोरडा घासकागद एकदा फिरवला की झालं. दुष्काळाचा, वस्तीचा, रेखाचा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला नाही. माझ्या मनात फक्त माझी चमक आली. बापूसाहेबांच्या गळी उतरेल असं काहीतरी बोलायला हवं होतं, आणि ते मला चटकन सुचलं.

मी म्हटलं, "बापूसाहेब, दुष्काळ काय, दर दोन वर्षांनी येतोच. जिल्हा एकदाच होतो."

वाक्य त्यांना आवडलं. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी ते स्वतःचं म्हणून वापरलंही. "खरं हाय," ते म्हणाले. "जिल्हा झाला की पानी आपोआप येतंय. राहू द्या चमक."

त्या माणसाच्या आख्ख्या राजकारणात शहाणपणाचा विचार एकदाच आला असेल, आणि तो मी मारून टाकला.

साहेब ठरल्या वेळेच्या चार तास उशिरा आले. रस्त्यावर पाणी मारून ठेवलं होतं, ते वाळलं म्हणून पुन्हा मारलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सिंहासन, त्यावर बापूसाहेब, भोवती खाती. पाणीपुरवठा खातं उन्हानं मधेच खाली बसलं, त्याला कांदा हुंगवून उभं केलं. साहेब गाडीतून उतरले, गॉगल काढला, आणि सरळ राजासमोर गेले. मला वाटलं नमस्कार करतील. त्यांनी बापूसाहेबांच्या छातीत बघून आपले केस सारखे केले.

सांगायला हरकत नाही, मला गुदगुल्या झाल्या. माझ्या कामाचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं.

"फारच झकपक," साहेब म्हणाले. "इथं टंचाई आहे असं काही वाटत नाही."

बापूसाहेबांनी मनातल्या मनात दुसरं लेटरहेड काढलं. मुकुट सावरत सिंहासनावरून उतरले. "न्हाई साहेब, लई हाल हायत. प्यायला पानी न्हाई. चला, दाखवतो." सर्वांत जास्त हाल दाखवायचे तर गावाला एकच जागा माहीत. तो मान वस्तीला नेहमीच मिळतो. पुढे राजा, मागे साहेब, त्यामागे चोवीस खाती, आणि छात्या घासू नयेत म्हणून सगळ्यांच्या मागे मी.

वस्तीत शिरलो आणि मला माझे तीन टँकर दिसले.

साहेब येणार हे वस्तीत सकाळीच कळलं होतं. अंगणं सारवलेली, सडे टाकलेले, लेकरं न्हाऊन-धुऊन तेल लावून उभी. घरासमोर ड्रम, काठोकाठ भरलेले, वर धुतलेली फडकी बांधलेली. पाहुणे यायचे म्हटल्यावर कुणीही करतं तसं त्यांनी केलं होतं. आणि पहिल्याच दारात कलाबाई, डोईवर पदर, एका हातात घासून लख्ख केलेला तांब्या, दुसऱ्या हातात पेला. उन्हाचं कुणी दारात आलं की आधी पाणी विचारायचं, मग काम. आमच्याकडे वैऱ्यालाही तसंच असतं.

"घ्या साहेब, उन्हाचं आलाव," त्या म्हणाल्या.

आता ह्यातही एक गोष्ट होती, ती कलाबाईंनी पेला पुढे केला आणि अर्ध्यावर थांबवला त्यावरून मला कळली. गावातली माणसं वस्तीत पाणी घेत नाहीत, निवडणुकीपुरतं घेतलं तरी ओठाला लावून ठेवतात. साहेबांनी पेला घेतला आणि घटाघटा सगळा प्यायले. दुसरा मागून घेतला. "गार आहे," म्हणाले. कलाबाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधीच्या चार दिवसांत पाहिलं नव्हतं. मग शेजारच्या दारातून दुसरा तांब्या आला, तिसरा आला. साहेबांचे लोक पोटभर पाणी प्यायले. खात्यांनीही संधी साधून पिऊन घेतलं.

साहेबांबरोबरच्या कारकुनानं वही उघडली. मी त्याच्या खांद्यामागेच होते. त्यानं ड्रम मोजले आणि लिहिलं, 'पाणी उपलब्ध. परिस्थिती समाधानकारक.'

मी तोंड उघडलं. काय सांगायचं होतं ते सगळं जिभेवर होतं. साहेब, हे पाणी माणसांचं नाही, ह्या छात्यांचं आहे. मी खोटं बोलून आणवलंय. इथला टँकर त्याआधी नऊ दिवस आला नव्हता. एवढी चार वाक्यं. पण शेजारी बापूसाहेब उभे होते, अंगावर आमच्या दुकानाची छाती होती, आणि नांदेडला शेठ होते. आणि खरं सांगायचं तर साहेबांनी त्या छातीत बघून केस सारखे केले होते, ते अजून माझ्या डोक्यातून उतरलं नव्हतं. मी तोंड मिटलं. कारकुनानं वही मिटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो भरत होते तेव्हा निरोप आला. बौद्धवस्तीचा टँकर आता आठवड्याला नाही, पंधरा दिवसांनी. कलाबाई शेवटची भाकरी घेऊन आल्या तेव्हा त्यांना ते कळलेलं होतं. मी भाकरीला हात लावला नाही.

"कलाबाई, त्यांना पाणी कशाला दिलंत? त्यांनी तेच लिहून नेलं."

"दारात आलेल्या मान्साला पानी इचारायचं न्हाई व्हय?" त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. मग म्हणाल्या, "तुमी व्हता म्हनून रेखाची आंगूळ झाली, ताई. बाळंतपनात तेवढं झालं, लई झालं."

खरं काय ते मी त्यांनाही सांगितलं नाही. ओरखडे घालायला सांगितले होते आणि मी घातले नाहीत, हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला काय म्हटलं असतं? बहुतेक काहीच नाही. म्हणूनच सांगितलं नाही.

टेम्पो सुरू झाला तशा त्या घरात जाऊन पळत आल्या आणि खिडकीतून एक बाटली माझ्या हातात दिली. थंड पेयाची जुनी बाटली, ओलं फडकं गुंडाळलेली. "उन्हाचं चाललाव," म्हणाल्या.

जिल्हा अजून व्हायचा आहे. बापूसाहेबांनी पुढे दोनदा छात्या नेल्या, दोन्ही वेळा राजा तेच. मी काम सोडलं तेव्हा शेठनी मला शाल दिली आणि म्हणाले, "बाईंच्या हातून गेलेल्या मालावर कधी डाग दिसला न्हाई." टाळ्या वाजल्या.

त्या दिवशी कलाबाईंच्या गावाहून परतताना लोह्याच्या अलीकडे टेम्पोचं टायर बसलं. ऊन मी म्हणत होतं, सावलीला झाड नव्हतं. ड्रायव्हर चाक काढत होता. मी मागे जाऊन ताडपत्री उचलली आणि छात्या एकेक करून तपासल्या. पंचवीसच्या पंचवीस ठीक होत्या, एकीवरही ओरखडा नव्हता. मग मी खाली उतरले, टेम्पोला टेकून बसले, बाटलीचं फडकं सोडलं आणि सगळं पाणी एकटीनं प्यायले.